सोळा गुरुवारांची गोळी

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आमच्या आईच्या उजव्या हाताने बंड पुकारले असून सकाळी नऊपर्यंत बोटे मिटत नाहीत आणि नंतर मिटली तर उघडत नाहीत. सबब सर्व नातलगांनी आपापला सल्ला घेऊन तंजावरास तातडीने हजर व्हावे.

असे पत्रक कोणी काढले नव्हते. गरजच पडली नाही, नातलग आपणहून आले. आमचे पूर्वज मराठी राजांच्या चाकरीत इकडे आले. राज्य गेले, चाकरी गेली, घरात मराठी वाचता येणारेही बोटांवर मोजण्याइतके राहिले. टिकला तो फक्त सल्ला देण्याचा वंशपरंपरागत हक्क.

घरोघरी केबल आली आणि गल्लोगल्ली काचेच्या दाराच्या लॅब उघडल्या, ते हे दिवस. मी पंचविशीचा, बी.कॉम. आणि बेकार. म्हणजे आईला दवाखान्यात नेण्यासाठी आदर्श उमेदवार.

आई मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. फळ्यावर कंपास न घेता एका झटक्यात वर्तुळ काढायची, आणि ते खरोखर गोल असायचे. आता खडू हातातून गळू लागला. मुख्याध्यापिकाबाईंनी गोड आवाजात सांगितले, "टीचर, पुढच्या वर्षीही असंच राहिलं तर दहावीचा वर्ग नवीन बाईंना देऊ. तुम्ही ग्रंथालय सांभाळा." नवीन बाईंचे वर्तुळ बटाट्यासारखे येई. आईला दुखणे चालले असते, बटाटा चालण्यासारखा नव्हता.

पापनाशमहून मामा दर रविवारी बसने यायचा, नवा उपाय घेऊन. सांधेदुखीवर इकडे खातात त्या मुडक्कत्तान पाल्याचे डोसे झाले. तांब्याची अंगठी झाली, पण सुजलेल्या बोटात चढेना, म्हणून ती बाबांनीच घातली. बाबांना कसलाच आजार नव्हता. अंगठीचा गुण आला असे मामा आजही सांगतो.

शेवटी मद्रासला शिकून आलेल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रक्त तपासले आणि समजावून सांगितले, "अम्मा, शरीराचे सैनिक शत्रू सोडून स्वतःच्याच सांध्यांवर तुटून पडतायत."

"म्हणजे भाऊबंदकी," मामा म्हणाला. आम्हाला आणखी काही समजावण्याची गरज उरली नाही.

डॉक्टरांनी पिवळ्या गोळ्या लिहून दिल्या. आठवड्यातून एकदाच घ्यायच्या, ठरलेल्या वारी, रोज चुकूनही नाही. गुण यायला काही आठवडे लागतील, मधूनमधून रक्त तपासायचे, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत. हे सगळे मी आईच्या शेजारी बसून ऐकले, मान डोलावली, आणि बाहेर पडून उसाचा रस प्यालो.

घरी वार ठरवायला परिषद बसली. सोमवारी आईचा उपास. मंगळवारी नवे काही सुरू करायचे नाही. बुधवारी शाळेत चाचणी. शुक्रवारी डोक्यावरून तेल घालून न्हाणे. शनिवारी सुरू केलेले दुखणे चिकटते, मग औषध का चिकटणार नाही? रविवारी मामा येतो, म्हणजे एक त्रास आधीच आहे, असे बाबा म्हणाले. उरला गुरुवार.

"राहुकाळ टाळून घे, अक्का," मामाने बजावले.

आता आमच्या घरात आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, नेमाने करायच्या गोष्टीला एकच नाव होते. दुसऱ्या गुरुवारी आई न्हाऊन, पिवळी साडी नेसून देवापुढे बसली आणि गोळी तुळशीच्या पाण्याबरोबर घेतली. तिसऱ्या गुरुवारी मीठ सोडले. चौथ्या गुरुवारी मी विचारले, "आई, हे काय चाललंय?"

"गप्प बस. व्रतात प्रश्न विचारू नयेत."

आणि गुण आला! दहाव्या गुरुवारनंतर मूठ वळू लागली. चौदाव्याला फळ्यावर वर्तुळ उमटले. मुख्याध्यापिकाबाई वर्गाच्या दारात उभ्या राहून पाहून गेल्या, दहावी आईकडेच राहिली. श्रेय मामाने गुरूला दिले, बाबांनी अंगठीला. डॉक्टरांचे नाव कोणी काढले नाही.

सोळा गुरुवार झाले, तेव्हा आईने रीतसर उद्यापन केले. पाच सवाष्णी जेवायला बोलावल्या. पुरणाच्या पोळ्या स्वतः लाटल्या, त्याच हाताने, सगळ्यांना दाखवून दाखवून. उरलेल्या गोळ्यांना हळदकुंकू वाहून त्या देवघराच्या फळीवर ठेवल्या. व्रत पूर्ण झाले, गोळी थांबली. डॉक्टरांचे शब्द कानांनी ऐकलेला एकमेव तरुण, पदवीधर मनुष्य त्या दिवशी काय करत होता? चौथी पोळी वाढून घेत होता.

दीड महिन्यात बोटे फुगली. मनगट फुगले. दहावीची परीक्षा तोंडावर, आणि आईला सकाळी साडीच्या निऱ्या धरता येईनात. शाळेत ती फळ्याकडे पाठ करून तोंडी शिकवू लागली, आणि नवीन बाई खडूची पेटी हातात घेऊन दाराशी घुटमळू लागल्या.

पुन्हा दवाखाना. या खेपेला बाबाही आले, अंगठीसकट.

"गोळी कोणी बंद केली?" डॉक्टरांनी विचारले.

आईने उद्यापन तमिळमध्ये तपशीलवार समजावून सांगितले, पाचही सवाष्णींच्या पत्त्यांसह. डॉक्टरांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि माझ्याकडे पाहिले. मी छताचा पंखा तपासत होतो.

"टीचरम्मा, गोळी आज परत सुरू करू. हात सुधारेल, वर्गही घ्याल. पण मी सांगेपर्यंत थांबवायची नाही."

"परीक्षा होईपर्यंत?"

"नाही."

"मग पुढच्या दिवाळीपर्यंत?"

"कदाचित जन्मभर. वर्षानुवर्षं, आवडो न आवडो, नेमानं. मधूनमधून तपासणी, आणि मनाला येईल तेव्हा सोडून द्यायचं नाही."

आई एकदा डॉक्टरांकडे, एकदा शेजारी बसलेल्या बाबांकडे पाहत राहिली. मग इतका वेळचे तमिळ सोडून घरच्या भाषेत, बाहेर टोकन घेऊन बसलेल्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात, तिच्या तोंडून निघून गेले, "अगोबाई, हे व्रत नव्हे, हे तर लग्न!"