एकट्याला उचलता येईल असं छप्पर

फोन आला तेव्हा मी लातूरला कॉलेजच्या ग्रंथालयात नव्या पुस्तकांवर शिक्के मारत होते. भाच्याचं, अनिकेतचं नाव दिसलं. हा पोरगा पुण्याहून कामाच्या दिवशी कधी फोन करत नाही. "मावशी, मी निघालोय, पण तू माझ्या आधी पोचशील. तू आईजवळ जाऊन बस..." एवढंच तो बोलला. काय झालं हे त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, बसमध्ये शेजारची बाई सोयाबीनच्या भावाबद्दल काहीतरी बोलत होती आणि मी मान हलवत होते. नांदेडच्या कडेच्या त्या शिक्षक कॉलनीत रिक्षा वळली तेव्हा पहिल्यांदा दिसली ती दाजींची पांढरी गाडी, रस्त्यावर लिंबाखाली उभी. आणि गाडीच्या जागी, त्यांनीच उभारलेल्या पत्र्याच्या गॅरेजमध्ये, चटईवर दाजी निजले होते. घराचा हॉल लहान, माणसं मावणार नाहीत, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना तिथं आणून ठेवलं होतं. ताई त्यांच्या उशाला बसली होती. मला बघून ती रडली नाही. म्हणाली, "बघ संगू, छप्पर पडलं न्हाई, भिंत पडली न्हाई... माणूस बसल्या जागी गेला."

सिद्धार्थदाजी माझ्या थोरल्या बहिणीचे, सुनंदाताईचे यजमान. जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवायचे. पन्नाशीही गाठली नव्हती त्यांनी. सकाळच्या शाळेतून आले, चहा घेतला, छातीत जळजळतंय म्हणाले आणि दवाखान्यात न्यायला रिक्षा येईपर्यंत सगळं संपलं होतं. आता काही आठवडे उलटलेत. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले. त्यांच्याविषयी लिहायला बसले की मला त्यांचं शिकवणं किंवा बोलणं आधी आठवत नाही, ते गॅरेजच आठवतं. कारण त्या माणसानं आयुष्यात जी एक गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली नाही, ती त्यानं लोखंड आणि पत्र्यानं उभी केली होती.

ते ताईला बघायला आमच्याकडे लातूरला आले तेव्हाचं आठवतं. वडिलांनी आतली खुर्ची दाखवली तर म्हणाले, "राहू द्या, मी हितंच बसतो," आणि दाराजवळच्या स्टुलावर बसले. पाहुणे लाजरे आहेत, असं वडिलांना वाटलं. लग्नानंतर ताईनं हसत हसत सांगितलं होतं की हे कुठंही गेले तरी दाराकडेच बसतात, झोपतातही दाराकडे पाय करून, आणि उन्हाळा असो की दिवाळी, अंथरूण घेऊन गच्चीवर पळतात. त्यांचं गाव औसा तालुक्यातलं. त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांची आई आणि धाकटी बहीण गेली, हे आम्हाला सोयरीक जुळवतानाच कळलं होतं. दहावीचं वर्ष होतं म्हणून ते त्या पहाटे दोस्तांबरोबर शाळेच्या वऱ्हांड्यात झोपले होते, म्हणून वाचले. याच्यापलीकडे ते बोलत नसत आणि कोणी विचारत नसे. आमच्या भागात भूकंपातून आलेल्या माणसाला त्याबद्दल विचारायचं नाही, अशी एक न बोललेली रीत आहे.

जुनी मारुती गाडी घेतली तेव्हा गॅरेजचा विषय निघाला. लिंबाखाली गाडी उभी केली की पाखरं ती रंगवून टाकायची. ताईचं म्हणणं साधं होतं. चार खांब घ्या, स्लॅब टाका, खाली गाडी राहील आणि वर अनिकेतला एक खोली होईल, उद्या त्याचं लग्न करायचंय. सगळ्या कॉलनीत तसंच केलं होतं. दाजी म्हणाले, "न्हाई. पत्र्याचंच करायचं. आणि मीच करणार." ताईला वाटलं, गंमत करतात. पण एका रविवारी ते लोखंडी पाइप, अँगल आणि भाड्याचं वेल्डिंग मशीन छोट्या टेम्पोत घालून घेऊन आले, तेव्हा तिनं दोन दिवस अबोला धरला. मला फोन करून म्हणाली, "तुझ्या दाजीला वेड लागलंय. मास्तर माणूस, हातात खडू धरणारा, आता लोहार व्हायला निघालाय. लोक काय म्हणायलेत माहीत हाय का?"

लोक बोलत होतेच. शेजारचे तलाठीकाका, निवृत्त, एकटे राहणारे, रोज सकाळी कंपाउंडवरून वाकून बघायचे. "सर, अख्ख्या कॉलनीत पत्र्याचं शेड कुणाचं न्हाई. शोभा जाईल ना." दाजी हसून म्हणायचे, "हाव काका, शोभा जाईल. पण गाडी राहील." शाळा सुटल्यावर उजेड असेपर्यंत आणि रविवारी दिवसभर त्यांचं काम चालायचं. मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकले. पहिल्यांदा वेल्डिंग केलं तेव्हा काच डोळ्यांसमोर नीट धरली नाही आणि संध्याकाळी डोळे असे सुजले, की रात्री त्यांना उघडताच येईनात. अबोला धरलेली ताई तेव्हा कच्च्या बटाट्याच्या चकत्या त्यांच्या डोळ्यांवर ठेवत होती आणि वरून बोलत होती, "अजून करा, अजून करा! आंधळे झालात की मग पत्र्यात बसून पेटी वाजवा." चकत्यांखालून दाजी म्हणाले, "पेटी येत न्हाई गं मला." ताईचा अबोला तिथंच सुटला. राग मात्र सुटला नाही.

चौकट उभी राहिली तेव्हा वेगळीच फजिती झाली. खांब सरळ होते, पण चौकट गुण्यात नव्हती, म्हणजे कोपरे काटकोनात बसलेच नव्हते. वर पत्रा ठेवला की एका बाजूला तो बाहेर यायचा, दुसऱ्या बाजूला आखूड पडायचा. दाजी कमरेवर हात ठेवून बघत राहिले आणि मग एकटेच हसत सुटले. "काका, पोरांना पायथागोरस शिकवून राहिलो इतकी वर्षं... आणि स्वतः कर्ण मोजला न्हाई!" तलाठीकाकांना पायथागोरस कोण ते ठाऊक नव्हतं, पण सर स्वतःवर हसताहेत हे त्यांना आवडलं. ते घरात गेले, जमीन मोजायची जुनी टेप घेऊन आले आणि कंपाउंडच्या फाटकातून पहिल्यांदा आत आले. दोघांनी मिळून दोन खांब उपटले आणि पुन्हा रोवले. त्यानंतर काकांनी शोभेचा विषय काढला नाही.

पत्रे चढवायच्या वेळी, दिवाळीच्या सुट्टीत, मी गेले होते. निळे, लांबलचक, नवेकोरे पत्रे अंगणात रचलेले. ताई फराळाच्या कामात होती आणि मुद्दाम बाहेर येत नव्हती, म्हणून पत्र्याचं एक टोक धरायला मी उभी राहिले. दाजी वर चढून ड्रिल मशीननं स्क्रू बसवत होते. मध्येच वारा आला आणि माझ्या हातातला पत्रा असा फडफडला, की मला वाटलं आता मीही त्याच्याबरोबर उडते. "सोडू नको गं संगू, धर, धर!" दाजी ओरडले. वारा पडला. आम्ही दोघं दम खात बसलो. मी सहज म्हणाले, "दाजी, एवढा कसला हट्ट? गवंडी लावला असता तर महिन्याभरात स्लॅब पडला असता. ताई पण खूश झाली असती."

ते हातातल्या स्क्रूचं रबरी वायसर फिरवत राहिले. मग त्यांच्या त्या हळू आवाजात म्हणाले, "आमचं घर माळवदाचं होतं. वर हातभर मातीचा थर, खाली लाकूड, दोन्हीकडं दगडाच्या भिंती. शाळेतून मी पळत घरी आलो, तर घर म्हणजे नुसता ढिगारा... आतून आईचा आवाज येत होता. मी लाकूड धरून ओढायचो, हलायचं न्हाई. माती उकरायचो, वरून पुन्हा तेवढीच यायची. सोबतीला कोण येणार? जो तो आपापल्या ढिगाऱ्यावर होता. शेजारची माणसं आली तोवर आवाज थांबला होता." थोडं थांबून ते म्हणाले, "शाळेच्या वऱ्हांड्याचा पत्रा आमच्याही अंगावर पडला होता बरं का. आम्ही पोरांनी तो नुसता बाजूला सारला आणि उठून पळालो. मी तेव्हापासून मनात धरलंय, घरात एक तरी छप्पर असं पाहिजे, जे पडलं तर एकट्याला उचलता येईल."

मी पत्रा धरला. त्यांनी स्क्रू बसवले. संध्याकाळी मी ताईला ते सांगितलं तेव्हा तिच्या हातात करंजीची पारी होती. ती तशीच हातात धरून बसून राहिली. आईचा आवाज येत होता हे त्यांनी तिलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. स्लॅबचा विषय त्या दिवशी बंद झाला. तरीही ती गॅरेजकडे फारशी फिरकायची नाही. "मला तिकडं गेलं की कसंतरी होतं," म्हणायची.

गॅरेज झालं, गाडी आत गेली, पाखरं दुसरीकडे गेली. मग एका सकाळी आमचा सगळा भाग हलला. नांदेडकडच्या लोकांना अलीकडच्या वर्षांत अशा हादऱ्यांची थोडी सवय झाली आहे, पण तो हादरा मोठा होता. मी आदल्या दिवशीच ताईकडे आले होते. आम्ही चहा घेत होतो. जमिनीखालून ट्रक गेल्यासारखा आवाज झाला, मांडणीवरची भांडी खणखणली आणि आम्ही बाहेर पळालो. दाजी दाराजवळ होते, ते सर्वांच्या आधी अंगणात होते. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नाही. रक्त उतरलेला. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, ताई आमच्यासोबत नव्हती. ती गॅस बंद करायला माघारी फिरली होती. मी हाक मारायच्या आत दाजी आत घुसले होते. जो माणूस कुठल्याही घरात दारापासून दूर बसला नाही, तो स्लॅबखालून, हॉल ओलांडून, पार स्वयंपाकघरापर्यंत गेला आणि ताईला दंडाला धरून ओढत बाहेर घेऊन आला. ताई ओरडत होती, "अहो, बंद केलाय गॅस, सोडा की!" त्यांनी दंड सोडला नाही. अंगणाच्या मधोमध आल्यावरही सोडला नाही.

थोड्या वेळानं मोबाइलवर अफवा फिरायला लागल्या, दुपारी याहून मोठा हादरा येणार म्हणून. कोणी घरात जायला तयार होईना. दाजींनी गाडी बाहेर काढली, गॅरेज झाडून घेतलं, सतरंज्या टाकल्या आणि गल्लीत फिरून एकेकाला बोलावून आणलं. तलाठीकाकांचे गुडघे धरले होते, त्यांना खुर्चीसकट उचलून आणलं. दुपारपर्यंत तिथं बायका, पोरं, म्हाताऱ्या, कोणाचं बाळ पाळण्यासकट आलेलं. ताईनं तिथंच चूल मांडल्यासारखा स्टोव्ह मांडला आणि चहा केला. पत्रा तापला होता, घामाच्या धारा लागल्या होत्या, पोरं किंचाळत होती... आणि त्या सगळ्या गलक्यात, भिंतीकडच्या कोपऱ्यात, दारापासून सगळ्यात लांब, दाजी आडवे झाले आणि गाढ झोपले. घोरायला लागले. ताई माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं ओठांवर बोट ठेवून साऱ्या गल्लीला दटावलं, "हळू बोला गं. सर झोपलेत."

दुसरा हादरा आला नाही. पण त्यानंतर गाडी पुन्हा आत गेलीच नाही म्हणा ना. संध्याकाळी पोरं गणितं घेऊन यायची, काका पेपर घेऊन यायचे, बायका शेवया वाळवायला यायच्या. गाडी लिंबाखाली आणि पाखरं पुन्हा गाडीवर. "गॅरेज बांधलं कशासाठी आणि झालं काय!" असं दाजी सगळ्यांना सांगत, आणि सांगताना खूश दिसत.

मागच्या रविवारी मी नांदेडला गेले होते. अनिकेतही आला होता. दाजी दरवर्षी मृगाच्या आधी वर चढून एकेक स्क्रू आवळत, वारं सुटलं की ढिला पत्रा वाजतो म्हणून. यंदा ते कोण करणार, असं कोणी बोललं नव्हतं. सकाळी अनिकेतनं स्वतःच पाना घेतला, शिडी लावली आणि तो वर चढला. ताई घरातून आली आणि तिनं दोन्ही हातांनी शिडी धरली. "सांभाळून रे. तिकडं पाय देऊ नको. पट्टीवर दे." अनिकेत वरून म्हणाला, "आई, पप्पा चढले की पण अशीच ओरडायचीस का?" ताई म्हणाली, "न्हाई. मी घरात जाऊन बसायचे. आजच धरली बघ शिडी." वरून फक्त पान्याचा आवाज येत राहिला, एका ओळीतून दुसऱ्या ओळीत सरकत. उन्हं चढली तसं मी ताईला म्हणाले, सावलीला ये, मी धरते. तिनं मान हलवली. काम संपलं, अनिकेत खाली उतरला, हात धुवायला नळाकडे गेला. ताई तरीही शिडी धरून उभी होती, वर बघत.