रुक्मिणकाकीचा जेवणार

रुक्मिणकाकीच्या डोक्यावर मधोमध केस नव्हते. वयानं गेले म्हणावं, तर कपाळावरची बट काळीकुळकुळीत होती. मधले केस चुंबळीनं खाल्ले. घाटकोपरच्या पश्चिमेला, असल्फ्याच्या अंगाला जी टेकडी आहे, तिच्या माथ्यावर आमची वस्ती आणि पायथ्याला नळ. देवानं माणसं वर वसवली, सरकारनं पाणी खाली ठेवलं, आणि मधल्या चढावर काकीचं आयुष्य गेलं. डोक्यावर हंडा, कमरेला कळशी, तोंडात शिव्या. शिव्यांशिवाय तो चढ चढवतच नसे. आम्ही तर तिच्या शिवीवरून ओळखायचो, काकी पिंपळापर्यंत आली की वळणापर्यंत.

बाई कुडाळकडची. नवरा काशीराम गिरणीत साचे चालवायचा. संप झाला, गिरणी बुडाली, तसा तो साकीनाक्याला एका वर्कशॉपात पत्रे कापायला लागला. काकी टेकडीखालच्या बिल्डिंगीत दोन घरची भांडी घासायची. त्या घरांत नळ दिवसभर वाहायचे. ते बघून आली की तिचं तोंड सुटायचं.

"पाणी असा सोडतत, जसा काय तेंच्या बापाशीन खणून ठेवल्यान! माका नळ गावलो ना, तर पयल्या दिसाक मी काय्येक करुचंय नाय. नुसतो सोडून बघीत बसतलंय. व्हावंदे मेलो."

तिची दुसरी खोड याहून वाईट. दारावरून माणूस गेला की "जेवलंस?" विचारल्याशिवाय तिला राहवत नसे. एकदा झोपड्या पाडायची गाडी आली. गड्यांनी तिचाच पत्रा उतरवला. काकीनं त्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या आणि मग त्यांनाच पेज वाढली. म्हणाली, "मोडूक पण ताकद लागता. उपाशी हातान मोडशात तर पत्रो वाकडो करून ठेवशात."

अशा बाईच्या शेजारी तेंडोलकर साहेब गरिबी भोगायला आला.

साहेब मुलुंडचा. औषधाच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. वाडवडील कोकणातले, पण याचं कोकण आंब्याच्या पेटीपुरतं. मुलुंडातच त्यांचं एक जनजागृती मंडळ होतं. आदल्या वर्षी त्यांनी झाडांची जागृती केली होती, त्याच्या आदल्या वर्षी दातांची. या खेपेस गरिबीचा नंबर लागला. ठरलं असं, की तेंडोलकरांनी गरीब वस्तीत पंधरवडाभर राहायचं आणि रोज दोन रुपयांत पोट भरायचं. आधी मंडळाच्या हॉलात त्यांचं वजन करायचं, नंतर पुन्हा करायचं. जितकं वजन उतरेल, किलोमागे सभासदांनी तितकी देणगी द्यायची. त्या देणगीतून आमच्या टेकडीवर पंप आणि पाइप चढवून नळ द्यायचा.

म्हणजे साहेब वाळला तर आम्हाला पाणी. हिशेब साधा होता. घोडचूक निराळीच झाली. गणपतीत साहेबाच्या घरी मोदक, नवरात्रात मंडळाचा गरबा. मधला पंधरवडा कसा मोकळा मिळाला! हॉलसुद्धा रिकामा, कारण त्या दिवसांत कुणी लग्नमुंज काढत नाही. का काढत नाही, हे मंडळातल्या एकाही शहाण्याला आठवलं नाही. पितृपक्ष तो. आमच्या मालवणी वस्तीत त्या दिवसांत घराघरात म्हाळ. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, भोपळ्याची भाजी, खीर. घरी कर्ज काढून खातील, पण पितरांचं पान चुकवणार नाहीत. एरवी वर्षभरात कधीही आमच्याकडे येऊन कुणी उपाशी मेला असता. हा नेमका खायच्या दिवसांत उपास करायला आला.

बाळा नावाचा गडी गणपतीला गावी गेला तो परतला नव्हता. त्याची खोली साहेबाला मिळाली. साहेबानं फियाट टेकडीखाली ठेवली, वर येईस्तो तीनदा बसला, आणि आल्या आल्या हात जोडून म्हणाला, "मी तुमच्यातलाच एक आहे."

काशीराम पुटपुटला, "मगे आमच्या रेशनकार्डार नाव घालूया काय तुझा?"

पहिल्याच संध्याकाळी वस्तीचा सेक्रेटरी लवू यानं सगळ्यांना गोळा केलं. लवूचं तोंड अर्धं मालवणी, अर्धं घाटकोपर स्टेशन.

"ऐका रे. त्या साहेबाला कोणी घास पण द्यायचा नाय. तो सुकला तर नळ, फुगला तर आपली वाट लागली. काय?"

सगळ्यांत मोठ्यानं काकीच ओरडली. "तेच्या दाराकडे कोणी बघूचासुदिक नाय! माझो नळ बांधलेलो आसा तेच्या पोटाक."

झालं. साहेब स्टोव्हवर भात करपवू लागला. भाताबरोबर कांदा, वर बिनदुधाचा चहा. सकाळी तो दात घासायला बाहेर आला की सगळ्या बायका त्याच्या कमरेकडे बघायच्या. परक्या पुरुषाच्या कमरेकडे इतक्या उघडपणे बघायची पाळी आमच्या बायकांवर कधी आली नव्हती. "आज पट्टो एक भोक फुडे गेलो गो!" अशी बातमी खालच्या नळापर्यंत जायची. एक धडधाकट माणूस वाळावा म्हणून अख्खी वस्ती देव पाण्यात घालून बसली होती. पाणी होतं तेवढं.

हाल काकीचे झाले. येता-जाता साहेब दारात दिसायचा आणि "जेवलंस?" ओठांवर यायचं. ते गिळायचं म्हणजे हंडा चढवण्यापेक्षा जड. शेवटी ती पदर तोंडात धरून संडासाच्या बाजूनं जायला लागली. शिव्याही बंद. खालच्या नळावर बायका विचारायला लागल्या, "काकीचा कुणी गेला काय?"

आणि दोन-चार दिवसांत साहेबाचा पट्टा मागे सरकायला लागला.

भानगड अशी, की म्हाळाला जेवणार लागतो. पितराच्या नावानं एक परका माणूस पाटावर बसून पोटभर जेवला पाहिजे. गावी जेवणार ढिगानं. इथं भरदुपारी पुरुष कुठले? सगळे कामावर. आणि दुपारच्या वेळी अख्ख्या टेकडीवर रिकामा, भुकेला, अंघोळ केलेला पुरुष एकच! मीटिंगमध्ये माना हलवलेल्या प्रत्येक घरानं मागच्या दारानं त्याला हाक मारली. एकीचा सासरा, दुसरीचा दीर, तिसरीचा आजेसासरा, साहेब सगळ्यांचा पितर झाला.

आणि साहेबाचं तत्त्व? ते वड्यापेक्षा खुसखुशीत. सुट्टीच्या दिवशी काशीरामनं त्याला खीर पिताना पकडलं, तर म्हणतो, "अहो, मी दोन रुपयांच्या वर खर्च करणार नाही असा संकल्प आहे. हे तर फुकट आहे. आणि गरिबांच्या भावना दुखवायच्या म्हणजे..." पुढचं वाक्य त्यानं खिरीबरोबर गिळलं.

काकीला कळलं तेव्हा ती वस्तीच्या मधोमध उभी राहिली. साठलेल्या सगळ्या शिव्या एकदम बाहेर आल्या.

"नळ खाल्ल्यात माझो! वड्यात घालून खाल्ल्यात! शिरा पडो तुमच्या तोंडार! तुमच्या पितरांका वडे व्हये, आणि माझ्या मानेचा काय?"

लवू म्हणाला, "काकी, ओरडू नको, तो ऐकेल."

"आयकांदे! कान भरले म्हणान वजन वाढत नाय!"

त्या दिवसापासून साहेबाच्या दाराशी काकीनं पाट टाकला. दुपारची भांडी सोडून ती तिथं तांदूळ निवडत बसायची. कुणी वाटी झाकून आली की नुसतं बघायची. तिच्या त्या बघण्यानं खीर आंबली असती. साहेबाला परत करपलेला भात आणि कांदा. एकदा तो केविलवाणा होऊन म्हणाला, "काकू, तुम्ही इतक्यात कसं भागवता हो?"

"भागना नाय," काकी म्हणाली. "तू भात ढवळ. करपलो बग."

अमावास्या उजाडली तेव्हा साहेबाचा पट्टा परत एक भोक पुढे आला होता. त्या संध्याकाळी मुलुंडच्या हॉलात वजन व्हायचं होतं. काकीनं पहाटे हंडा उतरवताना त्यालाच सांगितलं म्हणे, "आता थोडेच दीस रे तुझे."

पण अमावास्येलाच काकीच्या सासऱ्याचा म्हाळ.

या सासऱ्याचंही सांगायला हवं. संपाच्या वर्षी म्हातारा गावाहून लेकाला बघायला आला होता. घरात त्या दिवशी शिजवायला काही नव्हतं. काकीनं विचारलं, "जेवलांत?" म्हातारा चूल बघून म्हणाला, "वाटेर जेवलंय गो. पोटाक जागा नाय." तांब्याभर पाणी प्याला आणि दुसऱ्या दिवशी गाडीला बसला. खोटं बोलला हे दोघांनाही कळत होतं. त्याच पावसाळ्यात तो गेला. तार उशिरा पोचली, तिथी कुणाला धड ठाऊक नाही, म्हणून म्हाळ अमावास्येला.

काकीनं शहाणपणानं जेवणार म्हणून लवूलाच सांगून ठेवलं होतं. पण लवू सकाळीच मुलुंडला खुर्च्या मांडायला गेला, तो मंडळाच्या लोकांत अडकला. बाकी सगळ्यांकडे त्यांचे त्यांचे म्हाळ. काशीरामनं पत्र्यावर पान ठेवलं. कावळा आला, एका डोळ्यानं बघितलं, आणि शेजारच्या पत्र्यावर जाऊन बसला.

"जेवणार नाय, तर शिवात कसो?" काशीराम म्हणाला. "लवूची वाट बघूया."

"वडे थंड झाले."

"मगे?"

काकीनं साहेबाच्या दाराकडे बघितलं. काशीरामनं तिच्याकडे बघितलं.

"गो, खुळावलंस काय? सांजेक वजन आसा! नळ..."

"म्हायत आसा माका."

"इतके दीस राखलंस, आणि आता..."

"तुझो बापूस माझ्या दारातसून उपाशी गेलो," काकी म्हणाली. "परत येकदा धाडू?"

काशीरामनं पाट मांडला. काकी साहेबाच्या दारात गेली. साहेब कांदा चिरत होता. रडत होता, आता कांद्यानं की कशानं ते त्यालाच ठाऊक.

"जेवलंस?" काकीनं विचारलं.

चप्पल न घालता आला तो.

आणि मग जेवला. वडा संपायच्या आत काकी दुसरा टाकायची. वाढायला बसल्यावर हात आखडणं तिच्या रक्तात नव्हतं. नळ तर नळ. सांबारं झालं, भात झाला, खीर दोनदा झाली. तिखट लागलं म्हणून साहेबानं पाणी मागितलं आणि तांब्यावर तांबे रिचवले. पहाटे काकीनं कमरेवर आणलेली कळशी त्यानं जवळजवळ एकट्यानं संपवली. पत्र्यावर फडफड झाली. कावळा शिवला होता. काकीनं हात जोडले, आणि कळशीत वाकून बघितलं.

संध्याकाळी हॉलात धान्याच्या दुकानातला वजनकाटा आणला होता. पट्टा सैल ठेवून साहेब त्यावर उभा राहिला. बायको अनुपमाबाई हार घेऊन तयार. काटा पंधरवड्यापूर्वीच्या आकड्यापाशी आला, जरा थांबला, आणि पुढे गेला. आधीच्या म्हाळांचं होतंच, त्यात काकीच्या कळशीनं उरलेलं काम केलं. पुन्हा काटा झटकला, पुन्हा उभं केलं. साहेबानं ढेकर दिला.

देणगीदारांनी खिशातून अर्धी बाहेर काढलेली पाकिटं इतक्या हळुवार परत घातली, की आवाजसुद्धा झाला नाही. अध्यक्ष मात्र कसलेला माणूस. म्हणाले, "यातून काय दिसतं? गरिबाच्या झोपडीत समाधान असतं. ते अंगी लागतं." टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ शेजारणीला म्हणाले, "दोन रुपयांत एवढी तब्येत होते! मग ही माणसं रडतात कशाला?" अशी झाली जागृती.

लवूनं मागून विचारलं, "साहेब, वजन वाढलं. आता किलोमागे आम्ही तुम्हाला द्यायचे काय?" त्याला बाहेर काढलं.

वर येऊन तो काकीवर भडकला. "सगळ्यांच्या नावानं बोंब मारलीस, आणि शेवटी तूच?"

"व्हय, मीच," काकी म्हणाली. "तू वेळेर इलं असतंस तर तुका घातलं असतंय. आता बस, उरलेले वडे खा. तुझा वजन कोण करूचो नाय."

दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा हंडा, पुन्हा चढ, पुन्हा शिव्या. एक नवी शिवी वाढली होती, तिच्यात तेंडोलकर हे आडनाव होतं.

पुढच्या वर्षी गणपती गेले आणि साहेब टेकडीवर हजर! मंडळ नाही, फोटो नाही. "कंपनीची सुट्टी होती, म्हटलं तुम्हा सगळ्यांना भेटून जावं," म्हणाला. नाक मात्र घरोघरच्या चुलींकडे. काकी दारात आली. तिनं डोक्यावरची चुंबळ काढली आणि त्याच्या डोक्यावर ठेवली.

"जेवणार आसंस? बरा. हंडो थंय आसा. नळ खाली."

"काकू, मला सवय नाही हो..."

"माका खंय होती? आदी पाणी. मगे वडे."

त्या पंधरवड्यात साहेब रोज हंडा चढवायचा, रोज जेवायचा. वजन मात्र उतरलं, चांगलं दिसण्याइतकं उतरलं. काटा आणायला कुणी आलं नाही. काकी पिंपळाखाली पाय पसरून बसायची आणि वळणावरून येणारा आवाज ऐकायची. साहेब आता शिव्या द्यायला शिकला होता. मालवणीत.