गिअरवाल्या वैनी

गाडी दुरुस्तीला नेली की वैनी आधी गाडीकडे बघायच्याच नाहीत, ड्रायव्हरकडे बघायच्या. "गाडीला काय झालंय ते मागनं बघू. तू काय केलंस ते सांग." उद्यमनगरातल्या त्या गॅरेजच्या पाटीवर नाव त्यांच्या नवऱ्याचं, म्हणजे दादांचं होतं. दादा गाडीखाली शिरून काम करायचे. दोष शोधणं आणि बोलणं ही दोन्ही खाती वैनींकडे.

माझी कळंब्याला रोपवाटिका आहे. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, क्लच दाबवेना, म्हणून मी ऑटोमॅटिक पिकअप घेतली. असल्या गाडीत गिअरबॉक्सला एक सेन्सर असतो. गिअर कुठल्या जागी आहे ते तो गाडीला कळवतो. तो बिघडला की गिअरचा दांडा 'पी'वर, म्हणजे पार्किंगवर, असूनही गाडीला ते पटत नाही आणि ती चालूच होत नाही. मग लोक वैनींकडे यायचे.

"दांडा 'एन'वर घे, मार स्टार्टर," त्या फर्मावायच्या. झाली चालू, की लगेच, "आता रिव्हर्स. मागचा पांढरा दिवा लागला का?" तपासणीचा मीटर नंतर लागायचा. निकाल त्याआधीच वैनींच्या तोंडून आलेला असायचा.

एकदा कबनूरचे एक यंत्रमागवाले कडक इस्त्रीत आले. गाडीला आपण हातसुद्धा लावलेला नाही, म्हणाले. वैनींनी बॉनेटवरच्या ताज्या हळदीकुंकवाकडे बघितलं.

"पूजा केलीसा व्हय? मग धुतलीबी असंल."

"थोडीशी."

"थोडीशी म्हंजे?"

"खालनं. प्रेशरनं."

दादांनी सेन्सरच्या सॉकेटातलं पाणी फुंकून काढलं. वैनी म्हणाल्या, "देवाला बॉनेट दिसतंय, पावणं. गिअरबॉक्स कशाला धुतलासा?"

माझ्या गाडीच्या वेळी मात्र वेगळंच झालं. दांडा 'पी'वर, आणि समोर अक्षर दिसतंय 'एन', म्हणजे न्यूट्रल. वैनींनी जाहीर केलं, "सेन्सर खोटं बोलाय लागलाय." गाडीखालून दादा काहीतरी पुटपुटले, ते कुणी ऐकलं नाही. नवा सेन्सर बसवून दादा बाहेर आले, तरी 'एन'च. "नवाबी खोटारडा निघाला," वैनी म्हणाल्या आणि दांडा 'पी'वर आहे, गाडी हलायची नाही, या भरवशावर मला हँडब्रेक सोडून खाली यायला सांगितलं.

मी उतरलो आणि गाडी निघाली. रोपं भरलेली ती गाडी गॅरेजसमोरच्या उतारानं सावकाश, एखाद्या पाहुण्यासारखी चालली होती. उताराच्या टोकाला बाजेवर वैनींच्या सासूबाई पापड वाळवत बसलेल्या. मी लंगडत धावलो. वैनी गाडीच्या पुढ्यात गेल्या, दोन्ही हात बॉनेटवर रोवून मागं मागं सरकत म्हणत राहिल्या, "थांब म्हटलं की. थांब." तेवढ्यात दादांनी एक जुना टायर चाकाखाली लोटला. बाजेपासून वीतभर अंतरावर गाडी थांबली.

सासूबाईंनी मान वर केली. "पापडावर सावली पडाय लागलीया. मागं घ्या ते."

दादांनी मग दाखवलं. दांड्याच्या केबलच्या टोकाचं प्लास्टिकचं बूश, म्हणजे केबल गिअरबॉक्सला अडकवणारं कडं, तुटलं होतं. दांडा हलत होता, पण गिअरबॉक्स 'एन'मध्येच बसून होता. वैनी बाजेवर टेकल्या. पाणी प्यायल्या आणि सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "सेन्सर पहिल्यापासनं खरं बोलत हुता. मीच ऐकलं न्हाय."

पुढे ही गोष्ट त्या स्वतःच येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. दर वेळी उतार थोडा वाढायचा. आणि दादा पुटपुटले की गप्प होऊन विचारायच्या, "काय म्हणालासा?"

सासूबाई गेल्या, त्यांच्यामागोमाग दादाही गेले. गेल्या वर्षी वैनींनी गॅरेज बंद केलं. गडहिंग्लजला लेकीकडे त्यांना सामानासकट मीच सोडलं. लेकीच्या घरासमोर मोकळं मैदान होतं. सामान उतरलं, तरी वैनी गाडीतनं उतरेनात.

"मला चालवाय शिकव की," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, थट्टा करतात.

"खरंच येत न्हाय. फेरी मारायला हे असायचे, मी शेजारी बसून आवाज ऐकायची. किती येळा म्हणाले, शीक. मी म्हणायची, तुमी हाईसा की."

आम्ही जागा बदलल्या. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून त्यांनी म्हशीच्या चालीनं मैदानाला एक फेरी मारली. पायरीवरून लेक ओरडत होती, "आई, अगं काय चाललंय?" वैनींनी तिकडे बघितलंही नाही. गाडी थांबवली, पदरानं डोळे पुसले.

दुसऱ्या फेरीला त्यांनी मला खाली उतरवलं.