दातांत धरायचा टॉर्च

काल दुपारी लेकीसाठी खिशात मावणारा टॉर्च घ्यायला आम्ही दोघी गेलो. दुकानदाराने एक टॉर्च लावून समोरच्या अंधाऱ्या जिन्यावर उजेड पाडला. "ताई, पार शेतापलीकडं जातो."

"मला हातभर अंतरावरचं दिसलं पाहिजे," ती म्हणाली.

जड टॉर्च तिने बाजूला सारले, धातूचे तर हातातही घेतले नाहीत. मग बोटाएवढा एक प्लास्टिकचा टॉर्च रुमालाने पुसला, सरळ दातांत धरला आणि मान इकडेतिकडे वळवून पाहिली. दुकानदार माझ्याकडे बघायला लागला.

"वायरमन आहे ती," मी म्हटलं. "खांबावर दोन्ही हात कामात असतात."

माझा आवाज जरा चढलाच असावा, कारण शेजारच्या गिऱ्हाइकानेही वळून पाहिलं. पाहू दे.

तिचा जुना टॉर्च मी टाकू दिलेला नाही. दात घसरू नयेत म्हणून त्याला तिने सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला होता, आणि त्या रबरात तिच्या दातांच्या खुणा आहेत. ती वर चढली की माझा जीव टांगणीला लागतो. लाइट आली की लोक गिरणीकडे पळतात, टीव्ही लावतात. खांबाकडे कोण बघतं? मी बघते.

लहानपणी ही सापडेल ते तोंडात घालायची आणि माझे धपाटे खायची.

"बांधून देऊ?" दुकानदाराने विचारलं.

"थांबा," मी म्हटलं, "अजून एकदा दातांत धरून बघू दे तिला."