बाया बाजूच्या खोलीत

‘मालकाला घेऊन या, बाई. बाया बाजूच्या खोलीत बसतात.’

दारात उभे असलेले गुरुजी म्हणले. पांढरा शर्ट, हातात चहाचा कप, आवाज गोड. मी चप्पल काढून एक पाय आत टाकला व्हता, त्यो तसाच राहिला.

मी म्हणलं, ‘मालक पेत न्हाईत, गुरुजी. मी पेते.’

आधी कुणाला कळलंच न्हाई. मग मागून एकजण बोलला, ‘बाई पेती म्हणं बे!’ आणि खोलीभर हसू फुटलं. हसणारे सगळे दारू सोडायला आलेले. एकेकाचं घरदार धुळीला मिळालेलं. त्यांना बी आपल्या खाली कुणीतरी पायजे व्हतं. मी सापडले.

पाटोद्यात ही बैठक हुडकायला मी कवापासून चकरा मारत व्हते. शिरूरच्या दवाखान्यातल्या सिस्टरनं सांगितलं व्हतं, रविवारी भरती, दारू सोडणारे एकमेकाला धरून ठिवतात. जागा तिला बी नीट ठाऊक नव्हती. बाईनं विचारावं कुणाला? दारूचं नाव काढलं की लोक देशीच्या दुकानाकडं बोट दाखवतात. म्हणून मी मालकाच्या नावावर विचारत सुटले. माझा मालक सुपारीचं खांड तोंडात टाकत न्हाई. त्या बिचाऱ्याला मी आख्ख्या बाजारात दारुडा केलं. पंक्चर काढणारे चाचा तर हळहळले. ‘अल्ला अक्कल देवो त्याला, बेटी,’ म्हणले, आणि त्यांनीच शाळेमागची खोली दाखवली.

हे सगळं कशासाठी? पोरीसाठी. ती नणंदेकडं हाय. शाळा सुटायच्या टायमाला मी तिला आणायला गेलते आणि फाटकातच पडले. तिच्या मैत्रिणींसमोर. नणंद आली, पोरीचं दप्तर उचललं, म्हणली, ‘सुद्धीवर राह्यला शिक, मग पोरगी मागायला ये.’ पोरीनं मागं वळून बघितलं न्हाई. ते मला अजून खातंय.

खोलीतलं हसू थांबलं तवा मला पुढच्या खुर्चीवरचा माणूस दिसला. आमच्या ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम. इस्त्रीचे कपडे. ‘दादा, दादा’ करत त्याला चहा देत व्हते. वर्षभर थेंबाला शिवला न्हाई म्हणून गळ्यात हार घातला व्हता.

आमच्यात नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई पडली की नवऱ्याचं बी काम बंद. पोरगी माझी फडावरच झाली, उसाच्या पाचटात. मी ओली बाळंतीण, कंबर सरळ व्हईना, आणि गाडी भरायला उभी. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून वर चढायचं असतं. ह्याच मुकादमानं गिलास पुढं केला. ‘घे. औषध हाय. अंग हलकं व्हतं.’ माझ्या मालकानं तोंड फिरवलं. मी पेले. कंबर गप झाली, गाडी भरली. मग रोज गाडी यायची, रोज गिलास यायचा. एकटी मीच न्हाई, लई बाया व्हत्या.

मी दारातूनच म्हणलं, ‘मला ह्यांनीच पाजली.’

मुकादम रागावला न्हाई. रागावला असता तर बरं झालं असतं. हात जोडून शांतपणे म्हणला, ‘ताई, हितं दुसऱ्यावर बोट दाखवायचं न्हाई. ज्यानं त्यानं आपापलं बोलायचं. तसा नियम हाय.’

गुरुजींनी मान डोलावली.

‘मग माझं बोलते,’ मी म्हणलं.

‘तुमचं तिकडं. बायांत,’ गुरुजी म्हणले.

बाजूच्या खोलीत गेले. तिथं नवऱ्याच्या दारूनं पोळलेल्या बाया. एकीचा दात पडलेला, एकीच्या हाताला प्लास्टर. मी बसले तशी शेजारची सरकली. नाकाला पदर लावून म्हणली, ‘तू जवळ बसू नकोस गं. तुझ्या अंगाला माझ्या नवऱ्याचा वास येतो.’

तिचं खरं व्हतं. त्या खोलीत मी बाई नव्हते, मारणारा नवरा व्हते. आणि पुरुषांच्या खोलीत मी माणूस नव्हते, नुसती कुणाची तरी बायको व्हते. मी उठले. चप्पल घातली. लई लाज वाटली.

येताना मी पेले. खोटं कशाला बोलू? स्टँडमागं उभी राहून पेले आणि एसटीत खिडकीला डोकं टेकून रडले. कंडक्टरनं तिकीट दिलं, पण शेजारी कुणाला बसू दिलं न्हाई.

दारू सुटंल असं मला वाटत न्हाई. पोरगी येईल असं बी वाटत न्हाई. दिवाळी झाली की पुन्हा फड हाय, पुन्हा गाडी हाय, आणि नव्या बाळंतिणी हायत. त्यांना गिलास द्यायला कुणीतरी असंलच.

पण रविवारी मी जाणार हाय. पुरुषांच्याच खोलीत. खुर्ची न्हाई दिली तर फरशीवर बसीन. हसले तर हसू द्या. हाताला धरून उठवलं तर पुढच्या रविवारी परत बसीन. आपापलं बोलायचा नियम हाय न्हवं? माझं मी पहिल्या गिलासापासून सांगणार. त्यो गिलास कुणाच्या हातात व्हता, ते वगळून माझं सांगताच येत न्हाई.

आणि मी वगळणार न्हाई.