चौथ्या मंगळवारी

देवीने मला अर्ध्या पायऱ्यांवरून परत पाठवलं, असंच त्या दिवशी वाटलं होतं. मन इतकं कडू झालं होतं की पुन्हा तिच्यापुढे हात जोडायचे नाहीत, असंही ठरवून टाकलं होतं.

चौदाव्या वर्षी पाळी आली, तेव्हापासून दर महिन्याचे दोन दिवस मी माणसांत नसे. ओटीपोट पिळवटून निघे, मांड्या भरून येत, उलट्या होत. आई म्हणायची, लग्नानंतर थांबेल. सासूबाई म्हणाल्या, मूल झालं की थांबेल. मूल झालं नाही आणि दुखणंही थांबलं नाही. दोन डॉक्टरांनी वेदनाशामक गोळ्या देऊन हेच ऐकवलं. मुरुडजवळच्या एका गावात मी प्राथमिक शाळेत शिकवते. रजेच्या अर्जात दर महिन्याला ‘पित्ताचा त्रास’ असं लिहायचे. यजमान रोह्याच्या कारखान्यात कामाला आहेत, स्वभावाने मायाळू आहेत, पण त्यांच्यापुढेही ओठ मिटून स्वयंपाक करत राहायचे. आपण किती सोसतो याचा मला थोडा अभिमानही होता, हे आज कबूल करते.

अठरा वर्षं अशी काढल्यावर नवस बोलले. शेजारच्या गावात टेकडीवर देवीचं देऊळ आहे. पाच मंगळवार अनवाणी चढून येईन, ओटी भरीन, एवढं दुखणं तू घे. तीन मंगळवार सुरळीत पार पडले. चौथ्या मंगळवारी शाळा सुटल्यावर खणानारळ घेऊन पायऱ्या चढत होते आणि मध्यावरच पाळी आली, आठवडाभर आधी. आमच्याकडे त्या दिवसांत देवळात जात नाहीत. वर जाता येईना आणि कळ अशी उठली की खालीही उतरता येईना. ओटीची पिशवी बाजूला ठेवून मी पायरीवरच मुटकुळं करून बसले. डोळ्यांपुढे अंधारी येत होती. मनात एकच होतं, हिला माझी ओटीसुद्धा नको.

पायऱ्यांच्या तळाशी एक मावशी वेण्या आणि ओटीचं सामान विकत. दर मंगळवारी त्यांच्याकडून वेणी घेण्यापलीकडे आमची ओळख नव्हती. मला बसलेली पाहून दुकान तसंच टाकून त्या वर आल्या. साठी ओलांडलेली बाई, धाप लागली होती. माझा हात खांद्यावर घेऊन, एकेक पायरी थांबत, मला दुकानामागच्या आपल्या घरात नेलं. कॉटवर निजवलं, गरम पाण्याची पिशवी पोटावर ठेवली.

“कवापासून सोसतेस, बाय?”

मी सांगितलं.

“माझ्या लेकीला पन असंच व्हायचं,” त्या म्हणाल्या. “मीच तिला सांगायची, सोस, बाईचा जन्म हाय. आतमंदी गाठी झाल्या व्हत्या. लई उशिरा कळलं. तिनं ते अजून मनात ठेवलंय, माझ्याशी धड बोलत न्हाय. तुला मी सोस म्हनून सांगनार न्हाय.”

मग त्यांनी मोबाईल हातात घेतला. लेकीचा नंबर काढून त्याकडे नुसत्या बघत राहिल्या. तो फोन करणं त्यांना किती जड जात होतं, ते मला तेव्हा कळलं. अखेर त्यांनी तो लावला, “एका पोरीला तुझ्या डॉक्टरबाईंचं नाव पायजे,” एवढंच म्हणाल्या आणि फोन माझ्या हातात दिला.

पलीकडचा आवाज माझ्याच वयाचा होता. तिने अलिबागच्या डॉक्टरबाईंचा पत्ता सांगितला. म्हणाली, “ताई, एक करा. किती दुखतं ते कमी करून सांगू नका. आपल्याला तीच सवय लागलेली असते.” मग म्हणाली, “आईला द्या जरा.” मावशी फोन घेऊन पडवीत गेल्या. मला झोप लागली तेव्हा त्या अजून बोलत होत्या.

त्याच आठवड्यात मी यजमानांना सगळं सांगितलं आणि आम्ही अलिबागला गेलो. डॉक्टरबाईंनी मधे न बोलता ऐकून घेतलं. तपासण्यांत एंडोमेट्रिओसिस निघाला, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली, गोळ्या सुरू झाल्या. दुखणं समूळ गेलं असं नाही म्हणणार. पण महिन्याचे ते दोन दिवस आता माझे आहेत. त्या दिवसांतही मी मुलांना शिकवते.

त्या संध्याकाळी नेमकं काय घडलं, याचा अर्थ मी लावत बसत नाही. माझ्या नवसात मी देवीला वाटही आखून दिली होती: पाच मंगळवार, ओटी, मग आराम. तिने मला तिच्या वाटेने नेलं आणि त्या वाटेवर दोन मायलेकी बोलत्या झाल्या. आता मला काय हवं ते तिच्याकडे मागते, तिने ते कसं द्यायचं ते सांगत नाही.

मागच्या महिन्यात पुन्हा थोडी कळ आली. यजमान नुकतेच कामावरून आले होते. मी पंखा लावून आडवी झाले आणि म्हणाले, “आज दुखतंय. भात तुम्ही लावा.”

त्यांनी तांदूळ धुवायला घेतले. मी डोळे मिटून देवीला नमस्कार केला.