चार नंबर का थांबला

फुटबॉल माझ्या आयुष्यात फार उशिरा आला. कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवता शिकवता मी पन्नाशी ओलांडली, तोवर चेंडूला कधी पायही लावला नव्हता. आमच्या घरात शिकणारी पहिली पिढी माझी. खेळात वेळ घालवणे ही त्या घरात चैन होती, आणि पुढे वेळ मिळू लागला तेव्हा लाज आडवी आली. डॉक्टरांनी चालायला सांगितले म्हणून मी चिखलीच्या मैदानाला फेऱ्या मारू लागलो. मग कडेला थांबून खेळ पाहू लागलो. मग नियमांची पुस्तिका मागवली आणि परीक्षेला बसायचे असल्यासारखी वाचून काढली. नियम वाचलेला माणूस आमच्या संघाला पहिल्यांदाच भेटला होता. त्यांनी माझ्या हातात झेंडा दिला.

चिखली आणि धाड यांच्या सामन्यात या झेंड्याची एक रीत आहे. ती आणखी कुठे असल्याचे माझ्या ऐकिवात नाही. मुख्य पंच बुलढाण्याहून येतो, पण रेषेवरचे दोन झेंडेवाले दोन गावांचे असतात. आणि आपला संघ ज्या बाजूवर चढाई करतो, त्या बाजूला आपलाच झेंडेवाला उभा राहतो. चेंडू पुढे मारला जाण्याच्या क्षणी आपला खेळाडू समोरच्यांच्या शेवटच्या बचावपटूलाही मागे टाकून पुढे उभा असेल, तर तो ऑफसाइड. चिखलीचा खेळाडू असा सापडला, तर त्याला चिखलीच्याच माणसाने धरायचे. झेंडा वर गेला तर आपले गाव वाद घालत नाही, आणि नाही गेला तर समोरचे गाव घालत नाही. दोन्ही गावांचा या रीतीवर इतका विश्वास आहे की धाडचे बचावपटू पुढे निसटलेल्या माणसामागे धावतही नाहीत. हात वर करून थांबतात आणि आमच्या झेंड्याकडे पाहतात.

गेल्या हिवाळ्यातला सामना धाडला झाला. आठवडी बाजाराचा दिवस होता, त्यामुळे मैदानाभोवती निम्मा बाजार उभा होता. एक-एक अशी बरोबरी, शेवटची पाच मिनिटे. आमच्या मधल्या फळीतून एक लांब चेंडू निघाला, आणि तो निघाला त्या क्षणी आमचा नऊ नंबर धाडच्या शेवटच्या बचावपटूच्या दोन पावले पुढे होता. तो बचावपटू त्यांचा चार नंबर. तो थांबला. हात वर करून त्याने माझ्याकडे पाहिले.

मला दिसले होते. यात मी आजही शंका घेत नाही. पण पाहणे आणि पाहिले असे चारचौघांत सांगणे यांच्यामध्ये माझ्या बाबतीत नेहमीच थोडा वेळ जातो. खरेच दोन पावले होती का, असे मी स्वतःला विचारले; आणि ती होती असे उत्तर येईपर्यंत चेंडू जाळीत गेला होता, आमची माणसे मैदानात धावली होती, पंचाने एकदा माझ्याकडे पाहून मध्यरेषेकडे बोट दाखवत गोल दिला होता. आता झेंडा उचलणे म्हणजे नाचणाऱ्या माणसांच्या हातातून काहीतरी हिसकावणे झाले असते. मी काठीवर गुंडाळलेले कापड सोडवत उभा राहिलो. आम्ही दोन-एकने जिंकलो.

परतीची काळीपिवळी बाजाराच्या तोंडाशीच अडकली. खेळाडू टेम्पोने आधीच निघून गेले होते. या जीपमध्ये आम्ही अकरा समर्थक होतो. मी मधल्या बाकावर बरोबर मधोमध. डावीकडे आमचे शिंपी, संघाचे कपडे शिवणारे आणि संघाला सर्वात जास्त नावे ठेवणारे. समोर चालकाशेजारी कृषी केंद्राचे मालक. मागे एक तरुण वकील, मांडीवर मोबाइल घेऊन. पुढे बैलगाडी, मागे मेथीच्या जुड्यांचा हातगाडा. एका भाजीवालीने खिडकीत डोकावून विचारले, "चालले का रे गोल घेऊन? पिशवीत मावला का?"

"मावला, मावशी," शिंपी म्हणाले. "वरून थोडी कोथिंबीर टाक, झाकायले."

जीप गदगदून हसली. मी हसलो नाही, हे कोणाच्या लक्षात आले नाही. माझ्याकडून हसण्याची अपेक्षा तशी कमीच असते.

गाव मागे पडले आणि चर्चा सुरू झाली. हरल्यावर आमची माणसे गप्प असतात. भांडतात ती जिंकल्यावर.

"जिंकलो, पण खेळलो काय?" शिंप्यांनी विषयाला तोंड फोडले. "मधली फळी पाह्यली का? तिथं म्हशी चारल्या असत्या तरी कोणी हाकललं नसतं."

"जिंकलो ना? मग कायले कण्हून राह्यला बे?" कृषी केंद्राचे मालक मागे न वळता म्हणाले.

"मामा, दुसऱ्या हाफमध्ये आपण मुद्दाम मागं आलो," वकील म्हणाला. "त्याले डावपेच म्हणतात."

"डावपेच? चार-चार जण गोलकीपरच्या पायाशी, जसे पंगतीत जागा धरून राह्यले! अन् गोलकीपर तरी काय, आला बॉल का मार रस्त्यावर. दोनदा तर मिरच्यांच्या ढिगात गेला."

"मिरच्या धाडच्याच होत्या ना? जाऊ दे मग."

"पण नऊ नंबर! त्याले मानलं पाह्यजे."

"त्याले काय मानता? त्यांचा चार नंबर हात वर करून उभा, जशी एसटी थांबवून राह्यला. आपला गडी बाजूनं निघून गेला, तिकीटही नाही काढलं."

"अहो, जावई माणूस तो," चालक म्हणाला. "चिखलीची सासुरवाडी हाये त्याची. सासऱ्याच्या गावाले आडवा येईन का?"

हे सर्वांना फार आवडले. पुढची दहा मिनिटे हेच चालले. दिवाळसणाला सासरा त्याला काय देईल, सासू दृष्ट कशी काढेल, मेहुणे त्याला खांद्यावर घेऊन मिरवतील. मी खिडकीकडे पाहावे म्हटले, तर दोन्ही खिडक्यांच्या आणि माझ्या मध्ये माणसे होती.

वकिलाने मोबाइल पुढे केला. "हे पाह्या. इथं आपला नऊ नंबर जरा पुढं दिसून राह्यला. जरासाच."

मोबाइल हातोहात फिरला. माझ्याकडे आला तेव्हा मी तो न पाहता शिंप्यांकडे दिला.

"कॅमेरा तिरपा हाये," कृषी केंद्राचे मालक म्हणाले. "सरनं झेंडा नाही उचलला. विषय खतम."

"हाव, ते बराबर," वकिलाने मान्य केले. "सरांनी नाही उचलला म्हणजे नव्हताच. सर काही आपल्या-तुपल्यासारखे नाहीत."

"तो जरा..." मी सुरुवात केली.

"सर, जरा गुडघा इकडं घ्या," शिंपी म्हणाले, "गिअर लागून नाही राह्यला ड्रायव्हरचा." मी गुडघा घेतला. तोवर विषय गोलकीपरवर गेला होता.

प्रामाणिकपणाचा मान मला आयुष्यभर न मागता मिळत आला आहे, आणि त्याला कारण माझे सद्गुण नसून माझे न बोलणे आहे. न बोलणारा माणूस खोटे बोलत नाही असे लोक धरून चालतात. त्या जीपमध्ये माझे न बोलणे हाच सर्वात भक्कम पुरावा झाला होता, आणि तो पुरावा दोन्ही बाजूंनी चेपला जाऊन मधल्या बाकावर बसला होता.

निम्मा रस्ता संपला असेल, तेव्हा शिंप्यांचा फोन वाजला. त्यांची बहीण धाडला दिली आहे. फोन तिच्या नवऱ्याचा होता. शिंपी आधी हसत बोलत होते. मग नुसते "हं, हं" करू लागले. फोन ठेवल्यावर म्हणाले, "दाजी होते. चार नंबरची लय वाईट गत करून ठेवली म्हणे चौकात. म्हणतात, सासऱ्यासाठी मुद्दाम थांबला. त्याच्या सख्ख्या भावानं अंगातला शर्ट काढून घेतला. घरी बायकोलेही बोलून राह्यले, तुह्या बापानं इकत घेतला म्हणून."

कोणीतरी हसण्याचा प्रयत्न केला, पण ते जमले नाही. गंमत म्हणून जे आम्ही दहा मिनिटे बोललो, तेच तिकडे खरे मानून चालले होते.

"तो बरोबर थांबला होता," मी म्हणालो. "नऊ नंबर ऑफसाइड होता. मला दिसला होता."

कृषी केंद्राचे मालक पहिल्यांदाच मागे वळले. "सर, तुम्ही लय साधे. जिंकल्यावरही दुसऱ्याचंच मन पाहून राह्यले."

"मन पाहत नाही. दोन पावले पुढे होता."

"मंग झेंडा काऊन नाही उचलला?" शिंप्यांनी विचारले. इतका वेळ सर्वांच्या चुका काढणारा तो माणूस हा प्रश्न मात्र अगदी हळू विचारत होता.

"हात उठला नाही."

"कोणाच्या भेवानं? आमच्या?"

भीती त्यांची नव्हती. ज्या कोणाची असते ते सांगायला मला आजही शब्द सापडलेला नाही.

धाडचे झेंडेवाले एक निवृत्त गुरुजी आहेत. सामन्याआधी आम्ही नंबर घेतले होते. त्या सर्वांच्या मध्ये बसूनच मी त्यांना फोन लावला आणि तेच वाक्य पुन्हा सांगितले. पलीकडे बाजाराचा गलबला ऐकू येत होता. गुरुजी म्हणाले, "सर, हे मी इथं सांगितलं तर कोण ऐकन? म्हणतील, गुरुजी झाकाझाकी करून राह्यले. तुम्ही स्वतः या. बाजार उठायच्या आत या."

मी चालकाला जीप थांबवायला सांगितले. ती थांबली, पण मधल्या बाकावरच्या माणसाला उतरायला बाजूच्यांनी आधी उतरावे लागते, आणि बराच वेळ कोणी हलले नाही.

"सर, गेले तर मॅच जाईन आपली," वकील म्हणाला. "अन् रीतही जाईन. पुढं आपल्या झेंड्यावर कोण इश्वास ठेवन?"

त्याचे म्हणणे खरे होते. मी तसे म्हणालोही. शेवटी शिंपी उतरले, मला वाट करून दिली आणि पुन्हा चढताना म्हणाले, "हे मैदानात बोलले असते ना सर, तर आम्ही शिव्या देल्या असत्या अन् घरी गेलो असतो." जीप निघून गेली. उलट दिशेची एसटी यायला अर्धा तास लागला. तेवढ्या वेळात मी माझे वाक्य अनेक तऱ्हांनी मनात जुळवले. शिकवण्याची सवय, दुसरे काय!

धाडला उतरलो तेव्हा ऊन कलले होते आणि बाजारकरी आपापल्या दुकानांची पाले सोडत होते. गुरुजी मला चौकात घेऊन गेले. पाराच्या कडेला पंचवीस-तीस माणसे बसलेली, आणि जरा बाजूला, कोणाचा तरी सैल सदरा घातलेला चार नंबर. जवळून पाहिल्यावर तो माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा फार मोठा वाटला नाही.

मी उभा राहून बोललो. नऊ नंबर दोन पावले पुढे होता, झेंडा उचलणे माझे काम होते, ते मी केले नाही, चार नंबर रीतीप्रमाणे थांबला. सगळे मिळून चार वाक्ये. संपल्यावर एक म्हातारे गृहस्थ पानाची पिंक टाकून शांतपणे म्हणाले, "कोन्या गावचे तुम्ही?"

"चिखलीचा."

"हं. सासऱ्यानं चांगला शिकेल-सवरेल माणूस पाठवला."

हसू पाराभोवती फिरले. गुरुजी रागावून म्हणाले, "सर, पुन्हा सांगा. जरा मोठ्यानं." मी पुन्हा सांगितले. दुसऱ्या बाजूला बसलेल्यांसाठी तिसऱ्यांदा सांगितले. वाक्ये तीच होती, क्रमही तोच, आणि तिसऱ्या वेळी ती माझी मलाच कोणीतरी पढवून पाठवल्यासारखी ऐकू आली. काहींना पटले असावे. दोघे-तिघे मान हलवत उठले. पण पटले असे मोठ्याने कोणी म्हणाले नाही. त्यांची अडचण मला कळत होती.

चार नंबर माझ्याजवळ आला. रागाने काही बोलेल असे वाटले होते. तो म्हणाला, "कायले आले सर तुम्ही? उद्यापर्यंत विसरले असते. आता सासऱ्याच्या गावचा साक्षीदार झाला."

"चूक माझी होती," मी म्हणालो.

"ते मले मालूम आहे. तेव्हाच मालूम होतं." त्याने चौकाकडे एकदा पाहिले आणि मग माझ्याकडे. "चला घरी. च्या घ्या. बायको तुमच्याच गावची आहे, तसेच गेले तर तिले वाईट वाटन."

त्याच्या घरी जाणे म्हणजे त्या म्हाताऱ्यांचे बोलणे सर्वांदेखत खरे करून दाखवणे होते. न जाणे म्हणजे ज्याच्यासाठी आलो, त्याच्या दारावरून माघारी फिरणे. मी गुरुजींकडे पाहिले. ते चपलेत पाय घालत होते, आपल्याला यातले काही विचारू नये अशा घाईने.

"बोलू द्या त्यायले," चार नंबर म्हणाला. "नाही आले तरी बोलतीलच."

मग आम्ही दोघे निघालो. पारावरून, हॉटेलच्या बाकांवरून, अर्ध्या सोडलेल्या पालांखालून माणसे पाहत होती. तो मुद्दाम हळू चालत होता, आणि मला त्याच्या बरोबरीने चालावे लागत होते.